आधी आवाज ठरवा, मग गिटार घ्या



आमच्यासारख्या पगारदाराच्या घरी मोठी वस्तू यायची म्हणजे आधी वही निघते. फ्रीज असो, शिलाई मशीन असो, किती वर्षांची गॅरंटी, महिना किती हप्ता, असे रकाने आखले जातात. वीस-बावीस वर्षे कारकुनी केल्यामुळे आम्हाला तर रकाना आखल्याशिवाय वस्तू दिसतच नाही. पण या खेपेस जी वस्तू घ्यायची होती तिचा रकाना कसा आखावा हेच आम्हाला कळेना. ती वस्तू म्हणजे बास गिटार.

आमच्या थोरल्या ताईची मुलगी वस्तीतल्या गायन पार्टीत बास गिटार वाजवते. वय वीस. सकाळी कॉलेज, दुपारी शिकवण्या, संध्याकाळी विहाराच्या मागच्या खोलीत तालीम. आजवर ती दुसऱ्या पार्टीतल्या एका मुलाची गिटार मागून आणून वाजवीत होती. त्या मुलाला परगावी नोकरी लागली आणि तो गिटार घेऊन गेला. वैशाखी पौर्णिमेचा कार्यक्रम दीड महिन्यावर आलेला. ताई पोळी-भाजीचे डबे करते. तिच्या भिशीचे आणि भाचीच्या शिकवण्यांचे मिळून पंचवीस हजार रुपये जमले होते. ते आमच्या हातात देऊन ताई म्हणाली, "भाऊ, तुला हिशेब कळतो. पोरीबरोबर जा. एवढा पैसा परत परत जमत नाही."

दुकान मोठे होते. भिंतीवर रांगेने गिटारी टांगलेल्या. विक्रेत्याने भाचीकडे एकदा पाहिले आणि सगळे बोलणे आमच्याशी केले. "साहेब, मुलगी शिकतेय, एकदाच चांगलं घेऊन टाका," असे म्हणत त्याने पाच तारांची, आत बॅटरी असलेली गिटार काढली. तिच्या जोडीला मोठा अ‍ॅम्प्लिफायर. दोन्ही मिळून अठ्ठावन्न हजार, बाकीचे हप्त्याने. भाचीने वाजवून पाहिले. आवाज लखलखीत होता, स्टीलच्या ताटावर चमचा आपटावा तसा. तिने काही न बोलता गिटार परत ठेवली. आकडा ऐकून आमच्या पोटात गोळा आला होता. आम्ही म्हणालो, "मग सगळ्यात स्वस्त कोणती?" आज विचार करता वाटते, त्या दिवशी विक्रेताही चुकला आणि आम्हीही. त्याने सगळ्यात महाग दाखवली, आम्ही सगळ्यात स्वस्त मागितली. "तुला कोणता आवाज पाहिजे?" हे जिला वाजवायचे होते तिला कोणीच विचारले नाही.

आणि ही चूक आमची पहिली नव्हे. काही वर्षांपूर्वी आम्ही मंडळाचे खजिनदार असताना वर्गणीतून बासचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता. निवड कशावर केली? वॅटच्या आकड्यावर! जितके वॅट जास्त तितका माल चांगला, असा आमचा सरळ हिशेब. जयंतीच्या रात्री तो लावला आणि अख्खे मैदान घुमू लागले. तरुण खूश झाले, आम्ही खूश झालो. कार्यक्रम संपल्यावर पुढच्या सतरंजीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या आजी आमचा हात धरून म्हणाल्या, "बाळा, ढोल लई वाजला रं. पण बाबासाहेबांचं काय सांगत होते ते काय कळलं नाही."

वाचकहो, आपल्या गाण्यात शब्द हाच गाण्याचा जीव असतो. ज्यांना वाचता येत नव्हते अशा आपल्या आई-आजींनी चळवळीचा इतिहास गाण्यांतून ऐकला. तो शब्दच ऐकू येत नसेल तर वॅट काय कामाचे? पुढे तो अ‍ॅम्प्लिफायर विहाराच्या जिन्याखाली गोणपाटाखाली गेला.

दुकानातून परतताना बसमध्ये आम्ही भाचीला विचारले, "तुला आवडली नाही का ती?"

"मामा, चांगली होती. पण तो माझा आवाज नव्हता."

"मग तुझा आवाज कोणता?"

ती म्हणाली, "मागून आणलेल्या गिटारीला जुन्या, मळलेल्या तारा होत्या. आवाज कसा जाडसर यायचा, गोल, आणि लगेच थांबायचा. ढोलकीला धरून चालायचा. मग त्या मुलाने नव्या तारा चढवल्या आणि तीच गिटार मला परकी वाटायला लागली."

आमच्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे. गिटार तीच, हात तोच, बदलल्या त्या फक्त तारा, आणि आवाज पालटला. म्हणजे आवाज नुसता गिटारीच्या किमतीत नाही. मग तो कशाकशात असतो? पुढचे काही रविवार आम्ही मामा-भाचीने याच अभ्यासात घालवले. वस्तीत अशी वाद्ये घेणारी मुले-मुली आता पुष्कळ आहेत. त्यांच्या आई-वडिलांना उपयोग व्हावा म्हणून त्या अभ्यासाचे सार इथे देतो.

प्रथम बास गिटार म्हणजे काय ते पाहू. साध्या गिटारीला सहा तारा, हिला बहुधा चार. दोन्ही हातांत धरून वाजवायच्या, म्हणून लोकांना त्या सारख्याच वाटतात. पण हिचे काम वेगळे. तारा ई, ए, डी, जी अशा लावतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, पुढच्या तीन अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८ वेळा. गाण्याच्या तळाशी राहून सूर आणि ताल यांना एकत्र बांधायचे हे हिचे काम. घराच्या पायासारखी ती वरून दिसत नाही. हिंदी चित्रपटांत राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बास गिटारवर टोनी वाझ असत. त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

गंमत म्हणजे ही गिटार घरोघर नेणारा माणूस मूळचा आमच्याच बिरादरीतला निघाला! अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे लिओ फेंडर हे शिक्षणाने हिशेबनीस. मंदीच्या काळात नोकरी गेली म्हणून त्यांनी १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण वादकांची अडचण त्यांनी ऐकून घेतली. तोवर खालच्या सुरांसाठी माणसाच्या उंचीचे, उभे धरायचे वाद्य असे. ते नेणे कठीण आणि मोठ्या वाद्यवृंदात ऐकूही येत नसे. फेंडर यांनी १९५१ साली खांद्याला अडकवता येईल अशी, पडदे बसवलेली विजेची बास गिटार बाजारात आणली. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो म्हणून तिचे नाव 'प्रिसिजन' ठेवले. १९६० साली त्यांनी 'जॅझ बास' काढली. आजही बाजारातल्या बहुतेक बास या दोघींपैकी एकीच्या वळणावर असतात.

आता मूळ मुद्दा. तार छेडली की एकच नाद निघत नाही. तळाचा मूळ नाद असतो आणि त्याच्यावर बारीक बारीक नादांचा थर असतो. वरचा थर जास्त असेल तर आवाज चमकदार, धातूसारखा लागतो. तो कमी असेल तर आवाज गोल, जाड, मऊ लागतो. हा वरचा थर किती ठेवायचा, एवढाच सगळा प्रश्न. तो ठरवणाऱ्या गोष्टी अशा.

पहिली गोष्ट हात. घोडीजवळ छेडले तर आवाज कडक आणि नाकातून आल्यासारखा. दांडीकडे सरकून छेडले तर गोल. नखीने वाजवले तर टोकदार, बोटाने मऊ, अंगठ्याने आपटले तर ढोलासारखा. याला खर्च शून्य.

दुसरी गोष्ट तारा. तारेच्या गाभ्यावर गोल तारेची गुंडाळी असेल तर ती राऊंडवाऊंड. हात फिरवला तर खरखरीत लागते आणि वाजते चमकदार. चपट्या पट्टीची गुंडाळी असेल तर ती फ्लॅटवाऊंड. ती गुळगुळीत, वाजते मऊ आणि बुटकी. राऊंडवाऊंड तार जुनी झाली, तिच्यात घाम-मळ बसला की तिचीही चमक उतरते. भाचीला आवडलेला आवाज तो हाच.

तिसरी गोष्ट पिकअप, म्हणजे तारांखालचे लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे. तारेचा कंप इथे विजेत बदलतो. प्रिसिजनच्या वळणात ते मधोमध असते, आवाज भरीव येतो. जॅझच्या वळणात दोन असतात. घोडीजवळच्याचे बटण वाढवले की आवाज टोकदार होतो, दोन्ही कमी-जास्त करून मधले पुष्कळ प्रकार मिळतात. ज्यात बॅटरी नसते त्या गिटारीचे टोनचे बटण वरचा थर फक्त कमी करू शकते, वाढवू शकत नाही. बॅटरीवाल्या गिटारीत, म्हणजे अ‍ॅक्टिव्हमध्ये, वाढवता येतो. पण तिची केबल वाजवून झाल्यावर काढून ठेवावी लागते, नाहीतर बॅटरी उतरते आणि ऐन कार्यक्रमात गिटार मुकी होते.

चौथी गोष्ट तारेची लांबी. सर्वसाधारण बासमध्ये नटपासून घोडीपर्यंत ३४ इंच भरतात. ३० इंचांचीही मिळते, तिला शॉर्ट स्केल म्हणतात. तिच्यावर तारेचा ताण कमी, बोटे जवळ पडतात, आवाज जाडसर येतो. लहान हाताच्या मुला-मुलींना ती बरी. तिला कोणी खेळणे समजू नये. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गला हॉफ्नर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बास घेतली ती अशीच आखूड. का घेतली? फेंडरची परवडत नव्हती म्हणून! पुढे तोच त्यांचा आवाज झाला.

पाचवी गोष्ट अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. तिच्याविषयी पुढे सांगतो.

वाचकांना वाटेल, ही झाली पुस्तकी माहिती. म्हणून चार माणसांची उदाहरणे देतो.

जेम्स जेमर्सन, जन्म १९३६, हे डेट्रॉइट शहरातल्या मोटाउन कंपनीचे वादक. १९६० च्या दशकात जगभर गाजलेल्या कितीतरी गाण्यांचा तळ त्यांनी वाजवला. साधन काय? एक साधी प्रिसिजन, तिच्यावर जाड फ्लॅटवाऊंड तारा. तार तुटल्याशिवाय ते ती बदलत नसत. घोडीवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, म्हणजे सूर लगेच थांबावा. उजव्या हाताचे एकच बोट. बहुतेक वेळा गिटार थेट मिक्सरला जोडलेली. आणि या कारागिराचे नाव अनेक वर्षे तबकडीवर छापलेच जात नसे. मार्व्हिन गे यांच्या १९७१ सालच्या तबकडीवर ते आले. कष्ट एकाचे आणि नाव भलत्याचे, ही रीत आपल्याला काही नवी नाही. जेमर्सन १९८३ साली वारले. अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांची दखल घेतली ती २००० साली.

याच्या अगदी उलट जॅको पास्टोरियस. त्यांच्याकडे त्याच कंपनीची जॅझ बास. पण तिचे पडदे काढलेले, पटलावर टणक इपॉक्सीचा लेप, वर राऊंडवाऊंड तारा, आणि छेडायचे घोडीजवळ. आवाज माणूस गातो आहे असा. जेमर्सन आणि पास्टोरियस यांनी एकमेकांची साधने बदलून घेतली असती तर दोघांचीही पंचाईत झाली असती.

तिसरे लॅरी ग्रॅहम. ते तरुणपणी आईबरोबर कार्यक्रम करत. आई पियानो वाजवून गाणार. ड्रमवाला राहिला नाही, तेव्हा त्यांनी अंगठ्याने तार आपटून ड्रमची उणीव भरून काढली. पुढे जगभर त्या पद्धतीची नक्कल झाली. गरज होती म्हणून तो आवाज जन्मला.

आणि चौथ्या, मुलींच्या पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवाव्यात अशा, कॅरल के. जन्म १९३५. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत पुरुषांच्या गर्दीत त्यांनी हजारो ध्वनिमुद्रणांत वाजवले. प्रिसिजन बास, हातात कडक नखी आणि तारांवर घोडीजवळ जाड कापडाची पट्टी. नखीने टोक आणि कापडाने बुटकेपणा, असा त्यांचा स्वतःचा मेळ.

चौघांनीही आधी आपल्या कानाला आणि आपल्या कामाला काय पाहिजे ते ओळखले, आणि साधन त्याप्रमाणे जुळवून घेतले. शिवाय यात जे सर्वांत मोलाचे, ते बोट, फोम, कापड आणि जुनी तार, हे सगळे गरिबाच्या आवाक्यातले आहे!

आता आमच्या पार्टीचे काम कोणते? आमच्याकडे ढोलकी आहे. ढोलकीच्या शाईचा आवाज वर, आणि डाव्या बाजूची धूम खाली घुमणारी. बासही त्याच तळाला. बासचा सूर लांबत राहिला तर तो धुमेवर पसरतो, मग ढोलकीही कळत नाही आणि गाणाराचा शब्दही गढूळ होतो. सूर थोडका असला, पडला आणि थांबला, तर धुमेला वाट मिळते आणि शब्दाला जागा. भाचीच्या कानाने हे आधीच ओळखले होते. तिला जो आवाज आवडत होता तोच आमच्या गाण्याला हवा होता. आजींच्या त्या तक्रारीचे उत्तर वर्षानुवर्षे आमच्यासमोर होते, आम्हीच वॅट मोजत बसलो होतो.

दुसऱ्यांदा दुकानात गेलो ते तयारीने. आधी भाचीने आवडलेल्या पाच गाण्यांची यादी केली आणि ती इयरफोनवर ऐकली. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर नव्हे, कारण एवढ्याशा स्पीकरातून ४१ कंपनांचा नाद निघतच नाही. तिथे बास ऐकून पसंती करणे म्हणजे वासावरून मीठ ओळखण्यासारखे. दुसरे, आमच्या पार्टीच्या ढोलकीवाल्या दादांना सोबत नेले. दुकानदार आधी आठ्या घालून होता. पण दादांनी हळूच ताल धरला आणि भाचीने एकामागून एक चार गिटारींवर तीच एक ओळ वाजवली, तेव्हा तोही काउंटर सोडून ऐकायला आला. आम्हाला तिने पाठ करून उभे केले होते, म्हणजे किमतीची चिठ्ठी दिसू नये! तिसरी गिटार वाजली आणि दादा म्हणाले, "ही. हिच्यात माझी धूम मला ऐकू येतेय." भाचीची मानही त्याच वेळी हलली.

ती निघाली ३० इंचांची, बिनबॅटरीची, साधी. मग आम्ही इतर तपासणी केली. दांडी वाकलेली नाही ना, प्रत्येक पडद्यावर स्वर दाबून कुठे तार घासते का, खुंट्या सैल नाहीत ना, उभ्याने गळ्यात अडकवली तर दांडी खाली झुकत नाही ना. तारा पटलापासून फार उंच असतील तर बोटे दुखतात, फार खाली असतील तर खडखडतात. ते कारागिराकडून बसवून घ्यावे लागते. तारांच्या बाबतीत एक सावधगिरी. आखूड गिटारीला आखूड मापाच्याच फ्लॅटवाऊंड तारा मागाव्यात. लांब तार जाड भागात कापली तर तिची गुंडाळी उसवते आणि पैसे वाया जातात.

आता अ‍ॅम्प्लिफायर. वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. म्हणून शंभर की दोनशे यावर भांडण्यात अर्थ नाही. उलट स्पीकर आणि पेटीचा आकार जास्त महत्त्वाचा, कारण खालच्या नादाला पुष्कळ हवा हलवावी लागते. साध्या गिटारीच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला बास जोडून आवाज चढवू नये, स्पीकर फाटतो. पाचव्या तारेचा नाद सेकंदाला सुमारे ३१ कंपनांचा. तो बहुतेक मंडळांच्या स्पीकरांतून धड निघत नाही, मग तिचे पैसे का भरायचे? भोंग्यातून तर बास येतच नाही. भोंगा सूचनांपुरता ठेवावा. खोलीचाही भाग असतो. ४१ कंपनांच्या नादाची एक लाट सुमारे २७ फूट लांब असते आणि आमची तालमीची खोली दहा बाय बाराची. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर तिथे उगाच घुमतो, मैदानात तोच पातळ वाटतो. म्हणून मैदानावर जाऊन, प्रेक्षक बसतात तिथे उभे राहून आवाज बसवावा.

आमच्याकडे कार्यक्रमाला साउंडवाला पंधरा इंची स्पीकरच्या पेट्या आणि मिक्सर आणतोच. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर घेतलाच नाही. त्याऐवजी डीआय बॉक्स घेतला. ही छोटी पेटी गिटारचा आवाज घरघर न येता लांबच्या केबलमधून मिक्सरपर्यंत पोहोचवते. घरी सरावाला इयरफोन लागणारे छोटे यंत्र घेतले, म्हणजे शेजारच्यांची झोपमोड नको.

आता जमाखर्च. हे त्या दिवशी आम्हाला पडलेले भाव, गावोगाव आणि दिवसागणिक ते बदलतील. गिटार १४,५००. फ्लॅटवाऊंड तारा ३,२००. डीआय बॉक्स २,३००. सरावाचे यंत्र १,९००. कारागिराची मजुरी ८००. रुंद पट्टा ७००, कारण अरुंद पट्टा खांद्याला कापतो. केबल ६००. एकूण २४,०००. घोडीजवळ तारांखाली घालायचा स्पंज ताईच्या मोरीवरचा, त्याची नोंद नाही. शिल्लक १,००० रुपये ताईला परत.

वैशाखी पौर्णिमेला कार्यक्रम झाला. आम्ही मुद्दाम मागे, म्हाताऱ्या माणसांत जाऊन बसलो. शब्द न् शब्द कळत होता. ज्या आजींनी त्या रात्री आमचा हात धरला होता त्या आता नाहीत. त्यांना हे ऐकवायचे राहिले, याची खंत आहे.

कार्यक्रम संपल्यावर ताई पदर सावरत स्टेजजवळ गेली आणि भाचीला म्हणाली, "एवढे पैसे घातले, पण पोरी, तुझं वाजवणं मला वेगळं काही ऐकूच आलं नाही."

भाची तारा पुसत होती. म्हणाली, "आई, गाणं नीट ऐकू आलं ना?"

"ते आलं की. सगळं कळलं."

"मग माझं वाजवणं तेच."

तेव्हा वाचकहो, आपल्या घरी कोणी वाद्य मागितले तर खिशात हात घालण्यापूर्वी आणि नको म्हणण्यापूर्वी एक प्रश्न विचारा, तुला कोणता आवाज पाहिजे आणि तो कुठे वाजवायचा आहे? सांगता येत नसेल तर मागून आणलेल्या वाद्यावर आणखी सहा महिने वाजवू द्या. सांगता आले तर त्या आवाजाला लागेल तेवढेच घ्या, पण ते मात्र मन मोठे करून घ्या.

आणि जिन्याखालचा तो अ‍ॅम्प्लिफायर? पुढच्या रविवारी भाची आणि ढोलकीवाले दादा त्याच्यावरचे गोणपाट काढणार आहेत. त्या वेळी त्याची सगळी बटणे आम्हीच शेवटपर्यंत पिळली होती असे भाचीचे म्हणणे आहे. तसे असेल तर वर्गणीदारांची माफी आम्ही याच सदरातून मागू.

जयभीम.